मांडीखालचे हात

४ फेब्रुवारी, मंगळवार

वही केंद्राची, तोंड माझं, हात नातीचा. अशी ही तिघांची भागीदारी आजपासून सुरू.

झालं असं की काल राजांना घेऊन आम्ही सगळे त्या केंद्रात गेलो होतो, जिथे त्यांना वर्षभर उपचारांना नेतोय. राजे म्हणजे माझा नातू, मुलाचा मुलगा, साडेपाच वर्षांचा. नाव वेगळं आहे, पण हाक मारली तर वळून बघायचं नाही, विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, आपल्याच तंद्रीत घरभर फिरायचं. असा थाट राजांनाच शोभतो, म्हणून राजे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, स्वमग्नता. सून दोन दिवस जेवली नाही. मी म्हटलं, अगं, या घरातले पुरुष सगळे स्वमग्नच, ह्याला फक्त कागद मिळाला.

तर केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवसभर मुलाजवळ जो असतो, त्याने वही ठेवायची. मुलाने काय केलं आणि आपण काय केलं, दोन्ही. खाडाखोड नको, सजवणं नको. पाच आठवड्यांनी वही घेऊन या. दर पानाखाली आईने किंवा वडिलांनी सही करायची.

आता दिवसभर जवळ असते मी. मुलगा-सून आठाला बाहेर पडतात ते साताला उगवतात. आणि माझं तर अक्षराशी जन्माचं वैर. सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. तेवढ्यात कोपऱ्यातून ही म्हणाली, "मी लिहीन. ती सांगेल तसं."

ही म्हणजे माझ्या लेकीची लेक. लेक गेली तेव्हा ही चार वर्षांची होती, तेव्हापासून माझ्याजवळ. आता तिशी गाठली. घरी बसूनच काम करते. औषधाच्या खोक्यात तो बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद असतो ना, जो कोणी उघडत नाही, तो छापायच्या आधी ही तपासते. एक टिंब इकडचं तिकडे झालं तर माणूस मरेल म्हणते. मी तिला कारकून म्हणते. चारला तिचं काम संपतं, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं ठरलं.

(आजी खोकली.)

वाचून दाखव म्हटलं, तर त्यात माझा खोकलाही! कशाला लिहिलास? म्हणे, "सजवायचं नाही असं सांगितलंय." घ्या. आता शिंकायचीही चोरी.

५ फेब्रुवारी, बुधवार

राजांनी सकाळी गॅलरीत कपड्यांचे चिमटे रांगेत लावले. आधी लाल, मग निळे, मग मोडके. मी गंमत म्हणून एक लाल चिमटा मुठीत लपवला. राजांनी गॅलरी पालथी घातली, मग सरळ येऊन माझी मूठ उघडली. "लाल," म्हणाले. राजांच्या खजिन्यात तीन शब्द: लाल, पाणी, नको. पैकी 'नको' सगळ्यात लाडका. आंघोळ नको, मोजे नको, आजी नको.

चिमटा मिळाल्यावर आनंदाने दोन्ही हात फडफडवले. खांद्यापासून बोटांपर्यंत, पाखरू उडायच्या बेतात असावं तसे. समोरच्या गॅलरीतली शेजारीण बघत उभी. तिला बघायला तेवढंच हवं.

कारकून म्हणते, आजी, हात आवर, दुसऱ्यांदा चहा सांडलास. अगं, मी तोंडाने थोडीच बोलते? मी हातांनी बोलते. माझे हात बांधलेस तर मी जागच्या जागी मुकी होईन.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल सुट्टी. मुलगा सकाळपासून राजांसमोर गुडघे टेकून बसला होता. "बाळा, बघ ना बाबाकडे. एकदा बघ." राजे पंख्याकडे बघत होते. पंखाही बंद. शेवटी मुलगा उठला, माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "आई, त्याने एकदा माझ्याकडे बघावं गं. मग तो बोलला नाही तरी चालेल मला."

चाळिशीचा बाप्या, पण आवाज सहा वर्षांचा. मला राहवलं नाही.

मला ह्यातलं काही कळत नाही असं केंद्रवाल्यांनी समजू नये. ही समोर बसून लिहितेय ना, हीसुद्धा अशीच होती. हुबेहूब. हात फडफडवायची, नजर म्हणून द्यायची नाही. तेव्हा कसलं केंद्र आणि कसला कागद! लोक म्हणायचे, आईविना पोर, डोक्याने अर्धं. मी हिला सहा महिन्यांत सरळ केली. हिकमत सोपी. मुलाला समोर बसवायचं. दोन्ही हात मांडीखाली. बिस्कीट आपल्या दोन भुवयांच्या मधे धरायचं. वर बघितलं की बिस्कीट. हात बाहेर आले की बिस्कीट खिशात. सकाळी भूक लागलेली असताना करायचं, तेव्हा लवकर लागू पडतं. हात फारच निघायला लागले तर वर चादर गुंडाळायची. मारायचं नाही. मी हिला एक चापट मारलेली नाही. विचारा तिला.

लिहिलंस? "लिहिलं."

आणि आज बघा. नोकरी करते, भेटेल त्याला "कसे आहात" विचारते. शेजारीण तेवढी म्हणत असते, तुमची नात माझ्या कपाळाकडे बघून बोलते, काही लागलंय का कपाळाला? म्हटलं, अक्कल शोधत असेल. आणि वळण असं की डावा हात अजूनही मांडीखाली घालूनच बसते, लिहितानासुद्धा. वही सरकू नये म्हणून वर मिठाची बरणी ठेवते. संस्कार म्हणतात ते हे. फक्त बिस्किटं खात नाही, नुसत्या वासाने हिला मळमळतं. असते एकेकाची खोड.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सोमवारी सांगितलं ते परवापासून सुरू केलं. सोपं नाही, विसरले होते मी. ही तेव्हा चारच वर्षांची होती, राजे साडेपाचांचे आणि अंगाने दांडगे. आज चादर लागली. "नको, नको" करून घर डोक्यावर घेतलं. शेवटी अकराच्या सुमाराला एकदाचं वर बघितलं, मी लगेच बिस्कीट दिलं. शब्दाची पक्की आहे मी.

कारकून म्हणते, बासष्ट. काय बासष्ट? "त्याने बासष्ट वेळा नको म्हटलं." दार लावून काम करत होती आत, आणि लक्ष बघा कुठे!

सून साताला आली. खांद्यावरची पिशवीही खाली ठेवली नाही, चपला पायात, पानाखाली सही ठोकली. म्हटलं, वाचलंस का गं? म्हणाली, "उद्या वाचते हं आई, डोळे उघडत नाहीयेत." तिचंही खरंच आहे. नोकरी, केंद्राची धावपळ, सगळं तिच्याच गळ्यात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

देवच पावला म्हणायचा! मुलगा काल संध्याकाळी दारातून आत आला. राजे खुर्चीवर, हात मांडीखाली. मुलगा वाकला आणि राजांनी मान वर करून थेट त्याच्या तोंडाकडे बघितलं. टक लावून. मुलगा तिथेच जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडला. सुनेला ओरडून बोलावलं, राजांनी तिच्याकडेही बघितलं. मग तीही रडली. मला म्हणतो, "आई, केंद्राने वर्षभरात केलं नाही ते तू आठवड्यात केलंस. काय जादू केलीस?" म्हटलं, सगळं वहीत आहे, वाच. "तुझ्यावर विश्वास आहे," म्हणाला आणि सही केली.

आता हे सांगत होते, तर कारकून मधेच लिहायची थांबली. म्हणाली, "तो डोळ्यांत नाही बघत आजी. भुवयांच्या मधे बघतो. बिस्कीट तिथे असतं." तुला गं काय ठाऊक? तिने वहीवरची मिठाची बरणी सरळ केली. मी म्हटलं, थांबलीस का, लिही हेही. लिहिलं तिने.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गॅलरी कशी स्वच्छ आहे. राजांनी गुरुवारपासून चिमटे मांडले नाहीत. मी मुद्दाम लाल चिमटा त्यांच्यासमोर मुठीत लपवला. बघितलंच नाही. 'लाल' म्हणाले नाहीत. 'पाणी'ही नाही म्हणत, आम्हीच आपलं ठरवून ठेवल्यासारखं दर तासाला पेला देतो.

हात मात्र आवरलेत. फडफड जवळजवळ गेली. खाणं कमी झालंय. दूध घेतात, बाकी तोंड फिरवतात. दात येत असतील मागचे.

३ मार्च, सोमवार

ह्या आठवड्यात एकदाही 'नको' म्हणाले नाहीत. कालची आंघोळ निमूट, मोजे निमूट. सून म्हणाली, "किती शहाणा झालाय!" मी म्हटलं, गुणी बाळ ते.

पण एक सांगायचं राहिलं. सांगू नये असं वाटत होतं, मग म्हटलं सजवणं नको ना, लिही. मनगटाला चावे घेतात स्वतःच्या. उजव्या. रक्त येईपर्यंत. मी हळद लावून फडकं बांधलं आणि सुनेला सांगितलं, खेळताना खरचटलं. खोटं बोलले. ती आधीच इतकी दमलेली असते.

आणि आज दुपारी मी नुसती बसले होते. हातात बिस्कीट नाही, काही नाही, भाजी निवडत होते. राजे आपणहून आले, समोर बसले, दोन्ही हात मांडीखाली घातले आणि माझ्या कपाळाकडे बघत राहिले. मी म्हटलं, जा राजे, खेळा. हलले नाहीत. अर्धा तास. शेवटी मीच भाजी उचलून आत गेले.

कारकून दारात उभी होती. मग न्हाणीघरात जाऊन किती वेळ हात धूत होती. पाण्याचा आवाज येत होता.

(आजीने रिकामा पेला दोनदा उचलून ठेवला.)

७ मार्च, शुक्रवार

बुधवारी केंद्रात जायचंय. मी ठेवणीतले कपडे काढून ठेवलेत. बाईंनी शाबासकी दिली तर म्हणेन, मला शिकवायला ठेवा, पगार तुम्हीच ठरवा.

शेजारणीलाही सांगून ठेवलंय.

१२ मार्च, बुधवार

आज लिहायचं नाही म्हणत होते. मग म्हटलं, सुखाचं लिहायचं आणि दुसरं गिळायचं, हे बरं नाही.

बाईंनी वही उघडली. आम्ही चौघं समोर, राजे खालच्या चटईवर, हात मांडीखाली. बाई भराभर वाचणाऱ्या, पण तिसऱ्या-चौथ्या पानाशी हळू झाल्या. मला वाटलं, भारावल्या. मग एक पान परत मागे उलटलं. मग चष्मा काढून ठेवला.

"हे तुम्ही केलंत?" मला म्हणाल्या.

"मीच. आणि फळही बघा समोर बसलंय."

त्या हसल्या नाहीत. उठून राजांजवळ खाली बसल्या, त्यांच्याकडे बघितलं नाही, नुसता एक ठोकळा त्यांच्या बाजूला सरकवला. राजांनी हात काढला नाही. बाईंनी मनगटाचं फडकं सोडून बघितलं. सुनेच्या घशातून जो आवाज आला तो मी ह्याआधी एकदाच ऐकलाय, माझ्याच घशातून, लेक गेली तेव्हा.

मग बाईंनी समजावलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, आजी, हात हलवणं ही त्याची खोड नव्हती, आधार होता. डोळ्यांत बघणं त्याला झेपत नाही, दिव्याकडे बघितल्यासारखं होतं. तुम्ही त्याच्याकडून आधारही काढून घेतलात आणि दिवाही समोर धरलात, तोही उपाशीपोटी. म्हणून शब्द गेले. मी विचारलं, परत येतील ना? म्हणाल्या, "सांगता येत नाही. काही मुलांचे येतात."

मग म्हणाल्या, सध्या त्याला आजींजवळ एकटं ठेवू नका.

माझीही जीभ काही जागेवर राहिली नाही. म्हटलं, पाच आठवडे वही घरात पडली होती बाई, तुम्हीही कुठे मागितलीत? त्या लालबुंद झाल्या. म्हणाल्या, "खरं आहे. मागायला हवी होती." चूक कबूल करणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही.

निघताना त्यांनी कारकुनाला थांबवलं. "हे सगळं तुम्ही लिहिलंत? लिहिताना तुम्हाला काय वाटत होतं?" ही त्यांच्या कपाळाकडे बघत म्हणाली, "अकराव्या पानावर मिठाच्या बरणीचा ओला गोल उमटलाय. त्याबद्दल सॉरी." बाईंनी तिच्या डाव्या हाताकडे बघितलं. म्हणजे हात जिथे होता तिकडे. बराच वेळ.

१४ मार्च, शुक्रवार

काल भांडण झालं. भांडण कसलं, मुलगा बोलत होता आणि मी भांडी घासत होते.

"आई, तू त्याला चादरीत बांधलंस? माझ्या मुलाला?"

"त्याने तुझ्याकडे बघितलं तेव्हा रडलास ना आनंदाने? ते बांधूनच आलं होतं."

"मला काय माहीत होतं!"

तेव्हा मात्र भांडं खाली ठेवलं मी. म्हटलं, मी अंगठेबहाद्दर. मला वाचता येत नाही, मी सांगितलं तेवढंच मला ठाऊक. तुम्हाला येत होतं ना वाचता? दर पानाखाली कोणाची सही आहे? बासष्ट वेळा नको म्हणाला त्या पानाखाली कोणाची आहे?

सून भिंतीला टेकून खाली बसली. मला जिंकल्यासारखं वाटलं, घोटभर चहा निवेल एवढा वेळ. मग काहीच वाटेना.

२१ मार्च, शुक्रवार

मुलगा-सून राजांना घेऊन केंद्राजवळ भाड्याच्या घरात गेले. सुनेने नोकरी अर्ध्या वेळेची केली. जाताना पाया पडली, "येत जा आई" म्हणाली नाही. राजे जिन्याने खाली उतरले, एकेक पायरी, हात शरीराला चिकटलेले. मी वरून "राजे" म्हटलं. वळले नाहीत. पूर्वीही वळत नसत, पण ते वेगळं होतं.

चिमटे नेले नाहीत. टोपली इथेच आहे.

आज कारकुनाला विचारलंच. तू सगळं लिहीत होतीस. तुला कळत होतं. एक शब्द बोलली नाहीस. का गं?

म्हणाली, "तू सांगितलंस ते लिहिलं."

"पण का?"

"मला वाटलं, कोणीतरी वाचेल." मग म्हणाली, "माझ्या वेळी कोणी लिहीत नव्हतं."

४ एप्रिल, शुक्रवार

नवी वही. हीही केंद्राचीच, पण राजांची नाही, कारकुनाची. ती आपणहून स्वतःला तपासून घ्यायला बाईंकडे जाऊन आली, मला न सांगता, दोनदा. बाई म्हणाल्या, लहानपणीचं सगळं हवंय. ज्यांनी वाढवलं त्यांना विचारा. वाढवणारी एकच, तीही अंगठेबहाद्दर. म्हणजे पुन्हा तेच टेबल, तेच चार वाजलेले.

सुनेचा फोन येतो आठवड्यातून एकदा. राजे खायला लागलेत. परवा नळाखाली बोटं हलवली म्हणे, थोडीशी. शब्द नाहीत.

आज मिठाची बरणी ओट्यावरच आहे. कारकुनाने डाव्या हाताने वही धरलीय. हात जरा पांढुरका दिसतोय मला, सावलीत वाढलेल्या पानासारखा. मग म्हटलं, विचार बाई, काय विचारायचं ते. पहिला प्रश्न काय आहे?

तिने वाचला. "मूल दुःखी असताना ते तुम्हाला कसं कळायचं?"

मी म्हटलं, सांगते. आणि हात उचलला, तशी ती म्हणाली, "आजी, हात मांडीखाली घालून सांग."

अगं, गुडघे दुखतात माझे. वय बघ. हात मांडीखाली घातले तर खुर्चीवरून घसरेन.

"मी सहा महिने बसले. तू एक प्रश्न बस."

रागाने नाही म्हणाली. औषधाचं प्रमाण सांगावं तसं म्हणाली. आणि कपाळाकडे बघत नव्हती. वहीकडे बघत होती.

बसले. हे बघ, घातले दोन्ही. बोटांवर हाडं टोचतात. नाकाला खाज सुटलीय, सुटणारच. आता सांगते. तू दुःखी असायचीस तेव्हा तू

(आजी थांबली. चार वाजून दहा मिनिटं.)

तेव्हा तू, म्हणजे, मला असं

(चार वाजून सोळा मिनिटं.)

(आजी बोलत नाही. हात मांडीखालीच आहेत. मी काढ म्हटलेलं नाही.)

(चार वाजून चाळीस मिनिटं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: रिकामं.)